'जर' आणि 'कशावरून' : विज्ञानकथा, ललितेतर गद्य आणि विचाराची सवय

१

वाचनामुळे माणसाची दृष्टी व्यापक होते, हे विधान मराठीच्या अध्यापनात इतक्या सहजपणे केले जाते की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. कोणते वाचन? दृष्टी व्यापक होते म्हणजे वाचकाच्या मनात नेमके काय घडते? कविता, कादंबरी आणि नाटक यांच्या बाबतीत या प्रश्नांची काही उत्तरे साहित्यशास्त्राने दिलेली आहेत. रसास्वाद, भावविरेचन, सहानुभूतीचा विस्तार अशा संकल्पनांच्या आधारे आपण ललित वाङ्मयाचा वाचकावर होणारा परिणाम विशद करतो. परंतु वाङ्मयाचे दोन प्रदेश असे आहेत की त्यांना या संकल्पना पुरेशा पडत नाहीत. एक प्रदेश विज्ञानकथेचा आणि दुसरा ललितेतर गद्याचा. या दोहोंचा वाचकावर परिणाम होतो, हे आपण मान्य करतो. पण तो परिणाम साहित्याच्या अभ्यासाचा विषय आहे, असे मात्र मानत नाही.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे आहे. विज्ञानकथा वाचकाला 'जर' हा शब्द जबाबदारीने वापरावयास शिकवते आणि ललितेतर गद्य त्याला 'कशावरून?' हा प्रश्न विचारावयास शिकवते. या दोन्ही विचाराच्या सवयी आहेत, आणि कोणतीही सवय सरावानेच अंगी बाणते. त्या एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. त्या लावून देण्याचे काम विज्ञान शाखेकडे सोपवून मराठी विभागांनी निश्चिंत राहणे योग्य नाही, कारण 'जर' आणि 'कशावरून' हे दोन्ही प्रथम भाषेचे व्यवहार आहेत. हे प्रतिपादन वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. या दोन्ही सवयींचा जेथे प्रत्यक्ष प्रयोग झाला, अशा मोजक्या मराठी भाषक परिसरांपैकी हा एक आहे. आणि त्या सवयींच्या अभावाची किंमतही येथील शेतकऱ्याला मोजावी लागलेली आहे.

२

प्रथम या दोन प्रकारांचे आपल्या वाङ्मयविचारातील स्थान पाहू. 'ललितेतर' हे नावच नकारातून घडलेले आहे. जे ललित नाही ते सर्व एका पोत्यात भरावे, तसा हा शब्द आहे. चरित्र, इतिहास, समाजशास्त्रीय पाहणी, निसर्गवर्णन, वैद्यकीय अनुभवकथन, वैचारिक निबंध या सर्वांना सामावून घेणारे भावात्मक नाव आपण अद्याप घडवलेले नाही. विज्ञानकथेला स्वतंत्र नाव आहे. पण ते जोडनाव असल्यामुळे समीक्षकाची दृष्टी जोडाकडेच जाते. विज्ञान किती आणि कथा किती, विज्ञान कथेत विरघळले आहे की नाही, या एकाच प्रश्नाभोवती आपली बहुतेक चर्चा फिरत राहिली आहे.

या वाङ्मयप्रकाराला प्रतिष्ठा मिळालीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अद्भुत आणि विज्ञान यांच्या सीमेवरील कथांना दीर्घकाळ आश्रय दिला. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि १९७४ मध्ये परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपली आद्याक्षरे उलट क्रमाने लावून जयंत विष्णू नारळीकरांनी घेतलेले ते टोपणनाव होते. पुढच्याच वर्षी, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह वाढवला. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. वर्ध्यात १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले होते. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते येथे पुन्हा भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर होते. त्यांची ओळख मुख्यतः वैचारिक आणि चरित्रात्मक गद्याचे लेखक अशीच होती. म्हणजे दोन वर्षांच्या आत एका विज्ञानकथाकाराला आणि एका ललितेतर गद्यकाराला मराठी समाजाने आपले सर्वोच्च वाङ्मयीन आसन दिले.

परंतु आसन देणे आणि अभ्यासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्गात विज्ञानकथा बहुधा 'वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नापुरती येते, आणि ललितेतर गद्य 'लेखकाचे विचार स्पष्ट करा' या प्रश्नापुरते. पहिल्या प्रश्नात कथेतील तर्काचा मार्ग हरवतो. दुसऱ्यात लेखक त्या विचारापर्यंत कोणत्या पुराव्याने पोचला, हे हरवते. दोन्हीकडे विद्यार्थ्याच्या हाती निष्कर्ष येतो. पद्धत येत नाही. आणि विचारात बदल होतो तो पद्धतीमुळे. निष्कर्ष पाठ करता येतो, विसरताही येतो.

३

'जर' हा शब्द मराठी मनाला परका नाही. विशेषतः इतिहासाविषयी बोलताना तो आपल्या ओठांवर सदैव असतो. १४ जानेवारी १७६१ या दिवसाविषयी तर आपण अडीच शतके 'जर' म्हणत आहोत. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर. पण हा 'जर' हळहळीचा आहे. तो वाक्य अर्धे सोडतो आणि उरलेल्या अर्ध्यात उसासा भरतो. 'तर' पुढे काय झाले असते, याचा क्रमवार विचार करण्याची गरज त्याला भासत नाही.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात की जेथे पानिपताची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. लेखकाने बदलली ती एकच गोष्ट : विश्वासरावांच्या रोखाने आलेली गोळी त्यांना चाटून गेली. बाकी सर्व त्या एका बदलातून निष्पन्न होते. विजयानंतर पेशव्यांचा प्रभाव वाढतो, ते युरोपातील नव्या तंत्रज्ञानाचे महत्त्व ओळखतात, विद्येची केंद्रे स्थापन करतात. ईस्ट इंडिया कंपनीचे साम्राज्य होत नाही, पण मुंबई तिच्याकडे राहते. वाचकाला सुखावेल असे सर्वच घडत नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. इच्छापूर्तीच्या कथेत कंपनीला मुंबईतूनही हाकलले गेले असते.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, गंगाधरपंतांना आपण वेगळ्या जगात आहोत हे कळते ते ग्रंथालयात. ते स्वतः लिहिलेल्या इतिहासाचे खंड काढून वाचतात आणि इतिहासाने वळण कोठे घेतले, ते पान शोधतात. परत आल्यावर त्यांच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवावा, असे त्यांच्याजवळ एकच साधन उरते. ते म्हणजे त्या जगातील बखरीचे खिशात राहिलेले एक फाटके पान. ते पान या जगातील बखरीशी ताडून पाहिले जाते. याचा अर्थ, कथेची कल्पना कितीही धाडसी असली तरी तिच्यातील पात्रे पुराव्याची मागणी सोडत नाहीत. हळहळीच्या 'जर'चे चौकशीच्या 'जर'मध्ये रूपांतर होते ते येथे.

अद्भुत कथेपासून विज्ञानकथा वेगळी ठरते तीही याच ठिकाणी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) पासून नाथमाधवांच्या 'वीरधवल' (१९१३) पर्यंतच्या अद्भुतरम्य परंपरेत योगायोगावर मर्यादा नसते. संकटाच्या क्षणी लेखक हवे ते घडवू शकतो. विज्ञानकथेत लेखकाला एक सूट मिळते आणि त्या सुटीचे सर्व हप्ते त्याला फेडावे लागतात. वाचकही नकळत हिशेबनीस होतो : हे मानले, तर मग ते कसे शक्य आहे? हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, तो वर्तमानाकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागतो. आज जे आहे ते अटळ होते, असे त्याला वाटेनासे होते. दैव या शब्दाची पकड सैल होते, ती उपदेशाने नव्हे. एकाच प्रसंगाची दुसरी शक्यता तपशिलासह पाहिल्यामुळे. विज्ञानकथेमुळे विचारात घडणारा बदल तो हा. भविष्यातील यंत्रांची माहिती हा त्याचा गौण भाग होय.

४

ललितेतर गद्याचे कार्य याच्या उलट बाजूने सुरू होते. ते जे आहे त्यापाशी थांबते आणि हे असे आहे असे आपण कशावरून म्हणतो, ते विचारते. इरावती कर्वे यांचा 'युगान्त' हा याचा सर्वपरिचित दाखला. महाभारत ज्याला माहीत नाही असा मराठी वाचक नाही. परंतु इरावतीबाईंनी भांडारकर संस्थेची संशोधित आवृत्ती पुढे ठेवून, मूळ पाठात काय आहे आणि मागाहून काय आले याचा विवेक करीत त्या व्यक्तींकडे पाहिले. खांडववन जाळण्याचा प्रसंग आपण अग्नीच्या तृप्तीची कथा म्हणून ऐकत आलो होतो. त्यात जमीन मोकळी करण्यासाठी केलेला संहार दिसतो, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर तो प्रसंग पूर्वीसारखा वाचता येत नाही. येथे वाचकाची श्रद्धा कोणी हिरावून घेतलेली नाही. त्याच्या ठिकाणी एक नवी इंद्रियशक्ती मात्र निर्माण झाली आहे.

वर्धा जिल्ह्याचा 'कशावरून'शी संबंध जुना आहे. हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन यांची समाधी आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे ते प्रवर्तक. एक पायारेषा अत्यंत काळजीपूर्वक साखळीने मोजायची आणि मग कोन मोजत, त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उपखंड ओलांडायचा, असे ते काम होते. ते करीत उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. साम्राज्याच्या गरजेतून हे सर्वेक्षण झाले, यात शंका नाही. तरीही त्यातील बोध साहित्याच्या अभ्यासकाला घेण्यासारखा आहे. पहिली रेषा चुकली, तर पुढचे सर्व त्रिकोण सुंदर दिसूनही चुकीचे ठरतात. ललितेतर गद्यात त्या पायारेषेचे स्थान निरीक्षणाला असते, आणि शैलीचे सामर्थ्य तिची चूक भरून काढू शकत नाही.

यानंतरचा टप्पा मगनवाडीचा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे केंद्र वर्ध्यात आले. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. कुमारप्पांचे नाव आपण गांधीवादी अर्थविचाराशी जोडतो. पण ते मूळचे हिशेबतपासनीस होते, हे विसरतो. १९३९ च्या सुमारास मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणीचे काम त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केले. गावागणिक माहिती जमवून, तिच्यावरून प्रांताचे आर्थिक चित्र मांडण्याचा तो प्रयत्न होता. खेडे दरिद्री आहे, हे वाक्य त्या काळी प्रत्येक सभेत उच्चारले जात असे. कशावरून, किती आणि कोणत्या वाटेने त्याचे धन बाहेर जाते, हे सांगणारे गद्य विरळा होते.

याच परंपरेतील पुढचा दाखला डॉ. अभय बंग यांचा. सेवाग्रामच्या परिसरात वाढलेले बंग वैद्यकीय शिक्षणानंतर वर्धा जिल्ह्यातील कान्हापूर या गावी काम करीत होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभीची ही हकीकत. महाराष्ट्रात शेतमजुराचे किमान वेतन तेव्हा दिवसाला चार रुपये होते आणि ते मजुराच्या गरजांच्या हिशेबावर आधारलेले असल्याचे सांगितले जाई. मजुरी कमी आहे, अशी तक्रार सर्वांचीच होती. बंग यांनी तक्रारीवर न थांबता मूळ शासकीय हिशेब वाचला. श्रम करणाऱ्या शरीराला लागणारा आहार आणि कुटुंबाच्या गरजा यांची गणना त्यांनी नव्याने केली आणि योग्य आकडा बारा रुपये येतो, असे दाखवून दिले. या मांडणीची दखल घेऊन शासनाला दर वाढवावा लागला. एका कोरड्या अहवालाचे काळजीपूर्वक वाचन काय करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. पुढे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात हीच पद्धत त्यांनी स्वतःच्या आजाराला लावली. त्या पुस्तकाने असंख्य मराठी वाचकांच्या दिनचर्येत बदल घडवला. त्याचे श्रेय त्यातील वैद्यकीय सल्ल्याइतकेच, लेखक स्वतःच्या जगण्याविषयी 'कशावरून?' विचारतो, या प्रामाणिकपणालाही आहे.

५

आतापर्यंत दोन्ही सवयींचा स्वतंत्र विचार केला. परंतु त्यांचे खरे सामर्थ्य एकत्र येण्यात आहे. वर्ध्याच्या संदर्भात याचे मूळ एका रेल्वेप्रवासात सापडते. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधींनी रस्किनचे 'अन्टू धिस लास्ट' हे अर्थशास्त्रावरील पुस्तक वाचले. आत्मकथेत त्यांनी या पुस्तकाच्या जादुई प्रभावावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्याच वर्षी फिनिक्स वसाहत उभी राहिली. १९०८ साली त्यांनी या पुस्तकाचा आशय गुजरातीत आणला आणि त्याला 'सर्वोदय' हे नाव दिले. पुढे १९४८ मध्ये सेवाग्रामला जमलेल्या कार्यकर्त्यांनी याच नावाने समाज स्थापन केला. ललितेतर गद्याच्या एका पुस्तकाचा हा प्रवास आहे. रस्किनने प्रचलित अर्थशास्त्राला 'कशावरून?' विचारले, गांधींनी त्यापुढे 'जर' जोडला. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल जर सारखेच असेल, तर वसाहत कशी चालेल? मग ती चालवून पाहिली. स्वतःच्या आत्मकथेला 'सत्याचे प्रयोग' म्हणणाऱ्या माणसाने प्रयोग हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नव्हता.

मगनवाडीत हेच घडले. खेडे स्वतःच्या गरजा स्वतः भागवील, हा एक प्रचंड 'जर' होता. त्या काळच्या अनेक सुशिक्षितांना ती भूतकाळात परतण्याची कल्पना वाटली. पण मगनवाडीने घाणीत सुधारणा करून तेलाचा उतारा पाहिला. ती सुधारलेली घाणी वर्धा घाणी या नावाने ओळखली गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेले मगन संग्रहालय म्हणजे अशा कल्पनांचे आणि त्यांच्या मोजमापांचे एकत्रित दालन होते. त्यातील कोणत्या कल्पना टिकल्या आणि कोणत्या काळाच्या ओघात मागे पडल्या, याविषयी मतभेद होऊ शकतो. पण मतभेद होऊ शकतो तो याचसाठी की त्यांनी आपल्या कल्पना मोजता येतील अशा रूपात मांडल्या होत्या.

नारळीकरांच्या बाबतीतही या दोन सवयींचे साहचर्य दिसते. कथांतून दूरच्या शक्यता रंगवणाऱ्या या लेखकाने २००८ साली नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या प्रत्येकी शंभर, अशा दोनशे कुंडल्या जमवण्यात आल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस कुंडल्या पाठवून कोणती कुंडली कोणत्या गटातील, एवढेच ओळखावयाचे होते. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी ते पन्नासच्या आसपास आले असते. या चाचणीची रचना पाहिली, तर ती एखाद्या विज्ञानकथेच्या कथासूत्रासारखीच आहे : जर हे शास्त्र खरे असेल, तर काय दिसले पाहिजे? कथाकाराचा 'जर' आणि संशोधकाचा 'कशावरून' येथे एकाच वाक्यात येतात.

या सवयी नसल्या तर काय होते? याचे उत्तर जिल्ह्यातील कापसाच्या शेतात आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे येत असे. त्याला 'रेफ्युजी' म्हणत. ते बांधालगत पेरावयाचे होते. त्यामागचा तर्क असा. संपूर्ण शेत जर बीटीचे असेल, तर ते विष पचवणाऱ्या थोड्या अळ्याच जगतील, त्यांचेच पतंग आपसात संयोग करतील आणि काही वर्षांत सर्व अळ्या तशाच होतील. बाजूच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या वाढू दिल्या, तर त्यांच्याशी संयोग होऊन ती शक्ती पातळ होत राहील. म्हणजे शेताचा एक भाग अळीला मुद्दाम खाऊ घालावयाचा! उत्क्रांतीची कल्पना ज्याच्यापर्यंत कोणत्याही रूपात पोचलेली नाही, त्याला हा सल्ला वेडगळ वाटावा यात नवल नाही. ते पाकीट पुष्कळांनी पेरलेच नाही. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे थांबवले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याचे फळ भोगले. याला इतरही कारणे होती : दीर्घ मुदतीचे वाण, शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या, बियाणे विकणाऱ्यांची आणि देखरेख करणाऱ्यांची उदासीनता. दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पाकिटावरची सूचना त्याच्यापर्यंत आली. तिच्यातला 'जर' आला नाही. तो त्याच्या भाषेत, त्याच्या कल्पनाशक्तीला भिडेल असा सांगण्याचे काम कोणाचे होते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांनी स्वतःला विचारावा असा आहे. आपल्या वर्गातील पुष्कळ विद्यार्थी याच घरांतून येतात.

६

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. त्यांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप वाङ्मयनिष्ठ समीक्षकाचा. साहित्याचे मूल्य उपयुक्ततेत नसते. विचारात बदल घडवणे हा साहित्याचा हेतू मानला, तर आपण पुन्हा बोधवादाकडे जाऊ, असे तो म्हणेल. हा धोका खरा आहे. परंतु बोधवाद वाचकाला निष्कर्ष देतो. येथे ज्याचा विचार चालला आहे तो वाचनातून घडणारा सराव आहे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचून कोणताही संदेश हाती लागत नाही. इतिहासाकडे पाहण्याची मनाची हालचाल तेवढी बदलते. आस्वादापासून ही हालचाल वेगळी काढता येत नाही; किंबहुना तोच या प्रकाराचा विशिष्ट आस्वाद होय.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. मराठी विज्ञानकथेचा मोठा भाग सामान्य आहे. त्यातील शास्त्रज्ञ परस्परांना माहीत असलेल्या गोष्टी परस्परांना समजावून सांगतात, स्त्री पात्रे नावापुरती येतात आणि शहराबाहेरचे जग क्वचितच दिसते. हा आक्षेप मान्य करावा लागतो. विदर्भातील कोरडवाहू शेतीवर, विहिरीच्या घटत्या पाण्यावर, बियाण्याच्या मालकीवर उभी राहिलेली विज्ञानकथा आपल्याला सहज आठवत नाही, ही उणीव लहान नाही. मात्र ती ज्या वाचकांतून लेखक घडतात, त्यांच्या वाचनाची उणीव आहे. ती भरून काढण्यासाठी हा प्रकार अधिक गांभीर्याने शिकवावा लागेल.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. विज्ञान वाचणारे, किंबहुना विज्ञान शिकवणारेही मुहूर्त पाहतात. मग वाचनाने विचार बदलतो, हे खरे कसे? याला उत्तर एवढेच की वाचन हमी देत नाही, संधी देते. शिवाय माहिती आणि सवय यांतील भेद येथे लक्षात घ्यावा लागतो. गुरुत्वाकर्षणाचा नियम पाठ असणे ही माहिती झाली. कोणी ठामपणे काही सांगितल्यावर मनात 'कशावरून?' उमटणे ही सवय झाली. आज भ्रमणध्वनीवरून क्षणोक्षणी येणाऱ्या संदेशांत विज्ञानाची परिभाषा भरपूर असते. प्राचीन विमानांपासून चमत्कारी औषधांपर्यंत सर्व काही 'शास्त्रीय' म्हणून सांगितले जाते. तेथे पुरावा न मागणारा 'जर' अफवा होतो. याच्या उलट, ज्याला केवळ आकडे आणि तथ्ये गोळा करण्याची सवय लागली आहे, त्याला जग जसे आहे तसेच राहणार असे वाटू लागते; त्याचा 'कशावरून' शक्यतेचे दार बंद करतो. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांवर पोसलेल्या वाचनाची आज हीच गत आहे. म्हणूनच या दोन प्रकारांचे वाचन जोडीने व्हावे, असा आग्रह आहे.

७

हा आग्रह व्यवहारात आणण्यासाठी अभ्यासक्रमाची संपूर्ण पुनर्रचना होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांना आहे त्या चौकटीतही काही गोष्टी करता येतील.

एक, विज्ञानकथा आणि ललितेतर गद्य यांची जोडी लावून अध्यापन करावे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' शिकवताना सोबत बखरीतील तो प्रसंग आणि आधुनिक इतिहासकाराचे त्याच लढाईवरील विवेचन ठेवावे. तीन गद्ये, एक घटना; प्रत्येकात पुरावा कोणत्या प्रकारे बोलतो, हे विद्यार्थ्याने शोधावे.

दोन, प्रश्नाचे स्वरूप बदलावे. वैशिष्ट्ये विचारण्याऐवजी कथेतील मूळ गृहीतक कोणते आणि त्यातून न निघणारी, लेखकाने वरून आणलेली गोष्ट कोणती, असे विचारावे. वैचारिक लेखाबाबत लेखकाचा निष्कर्ष न विचारता त्याचा सर्वांत दुर्बल पुरावा कोणता, असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शकात सापडत नाहीत.

तीन, पदव्युत्तर आणि पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांसाठी जिल्ह्यातच संशोधनाचे मोठे क्षेत्र उपलब्ध आहे. ग्रामोद्योग संघ आणि नई तालीम यांच्याभोवती निर्माण झालेले गद्य, म्हणजे अहवाल, पाहण्या, शिक्षकांच्या नोंदी आणि प्रयोगांची वृत्ते, यांचा इतिहासाची साधने म्हणून उपयोग झाला आहे. गद्य म्हणून त्यांचा अभ्यास व्हावयाचा आहे. त्यातील वाक्य कसे आहे, शंका कशी व्यक्त होते, अपयश कोणत्या शब्दांत नोंदवले जाते, हे वाङ्मयाचेच प्रश्न आहेत.

चार, विद्यार्थ्यांकडून लेखन करून घ्यावे. स्वतःच्या गावातील एक गोष्ट बदलून तिचे परिणाम क्रमाने लिहावयाचे, आणि प्रत्येक परिणामापुढे 'कशावरून' याचे उत्तर द्यावयाचे. एखाद्या वर्षी पाऊस महिनाभर लांबला तर, गावातील जिनिंग बंद पडले तर, विहिरीचे पाणी मोजून वाटले तर. अशा लेखनातून उत्तम कथा लगेच निर्माण होतील, अशी अपेक्षा करू नये. पण असे चार निबंध लिहिलेला विद्यार्थी बियाण्याच्या पाकिटावरील सूचना वेगळ्या प्रकारे वाचील, आणि घरी ती वेगळ्या प्रकारे समजावून सांगेल.

२० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या थोरवीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या कथांचा आदर अधिक नेटकेपणाने करावयाचा असेल, तर त्या शिकवण्याची आपली रीत तपासणे हे पहिले काम ठरते. ते काम या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेपासून सुरू करता येईल.